आडनाव शिकलगार

माझं आडनाव शिकलगार. आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला सुरीला धार लावता येत नव्हती.

खरं तर ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण ती ज्या दिवशी माझ्या लक्षात आली, तो दिवस सांगावासा वाटतो. 2023 साली 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशी करू. शरीअतमध्ये तशी मुभा आहेच. आमच्या मोहल्ल्यातही तेच ठरलं. अडीच आठवड्यांपूर्वीच तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येऊन गेली होती. आमच्यातल्या पोरांनी रस्त्यावर उभं राहून पाणी वाटलं होतं. त्यामुळे या निर्णयावर फारशी चर्चासुद्धा झाली नाही.

ईदच्या आदल्या संध्याकाळी मी घरातल्या तीन सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि धार लावून आणायला निघालो. दरवर्षी हे काम अब्बा करायचे, घरीच, गॅलरीत बसून. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरत होते. मी म्हटलं, कशाला त्रास घेता, बाहेरून लावून आणतो. ते काही बोलले नाहीत.

धारवाल्याकडे ही गर्दी. इलेक्ट्रिक ग्राइंडरवर तो एकेक सुरी धरत होता. ठिणग्या उडत होत्या, अर्ध्या मिनिटात एक सुरी तयार. माझ्या तिन्ही सुऱ्या चकाचक होऊन मिळाल्या. धारेच्या कडेला निळसर जांभळी छटा आली होती. मला ती सुंदर वाटली.

परत येताना नाकाबंदी लागली. सणाच्या आधी असतेच. माझी गाडी बाजूला घ्यायला लावली. पिशवीत काय आहे? सुऱ्या आहेत साहेब, कुर्बानीच्या. वर्तमानपत्र उलगडलं, सुऱ्या बोनेटवर ठेवल्या गेल्या, मोठे साहेब येईपर्यंत थांबा म्हणाले. चाळीस मिनिटं थांबलो. येणारेजाणारे बघत होते. बोनेटवर तीन सुऱ्या आणि शेजारी मी, दाढीवाला. कुणी काय समजलं असेल ते मला कळत होतं. कुणी मला शिवी दिली नाही, हात लावला नाही, हेही सांगितलं पाहिजे. मोठे साहेब आले, आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाले,

"शिकलगार म्हणजे धार लावणारेच ना? आमच्या गावात होते. मग तुम्ही दुसऱ्याकडं कशाला नेल्या?"

त्यांनी सुऱ्या परत दिल्या, जा म्हणाले. मी घरी आलो. रात्रभर मला नाकाबंदीपेक्षा तो प्रश्न जास्त टोचत राहिला.

पण खरी शिक्षा तिसऱ्या दिवशी व्हायची होती. 30 जूनला मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जिबह केलं. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की जे काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हायला हवं, ते तसं झालं नाही. सुरी केसांत आणि कातडीत अडकली. दुसऱ्यांदा ओढावी लागली, मग तिसऱ्यांदा. बोकड चाकणच्या बाजारातून आणलेला, आठ दिवस माझ्या मुलीच्या हातचा पाला खाल्लेला. त्याचे पाय धरलेल्या माझ्या भाच्याने मान फिरवली. मी बिस्मिल्लाह म्हणालो होतो, अल्लाहु अकबर म्हणालो होतो, तोंड किब्ल्याकडे होतं, सगळं रीतसर होतं. फक्त सुरी बोथट होती.

शद्दाद बिन औस (रजि.) यांच्याकडून आलेली, सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली एक हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. तिचा आशय असा की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणं, बंधनकारक केलं आहे. जिबह करायचं तर तेही नीट करा, पात्याला धार लावा, जनावराला आराम द्या. ईदच्या खुतब्यात मी हे किती वेळा ऐकलं असेल. दुसरी एक रिवायत आहे. एक जण जनावराला आडवं पाडून त्याच्या डोळ्यांसमोर सुरीला धार लावत होता. प्रेषितांनी (सल्ल.) त्याला टोकलं. त्या जनावराला दोन वेळा मारायचंय का, अशा अर्थाचं ते बोलले. म्हणजे धार आधी लावून ठेवायची, जनावराच्या नजरेआड. हे सगळं मला पाठ होतं. पण धार लावायची कशी, हे हदीस सांगत नाही. ते बापाने मुलाला सांगायचं असतं.

त्या संध्याकाळी अब्बांनी सुरी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, निळी छटा पाहिली आणि म्हणाले, "पानी उतर गया इसका."

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. पोलादाचं पाणी उतरणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून माहीत आहे. पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की कडक होतं, आणि काचेसारखं ठिसूळही. मग ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा काढतात. या दुसऱ्या तापवण्यात पोलादाच्या पृष्ठभागावर रंग चढतात. सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास गवती पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. निळ्यापर्यंत गेलं की कडकपणा इतका उतरतो की पातळ धार टिकत नाही, दुमडते. ग्राइंडरवर सुरीचं पातं एवढं पातळ की कडेला दोन सेकंदांत निळा रंग येतो. मी कारखान्यात रोज हार्डनेसचे रिपोर्ट सही करतो. आणि माझ्याच सुरीवरचा निळा रंग मला सुंदर वाटला होता.

ती सुरी माझ्या आजोबांनी केलेली. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजोबांचं काम म्हणजे गावाच्या सगळ्या धारा. विळे, खुरपी, उसाचे कोयते, न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कात्र्या, आणि ईदच्या आधी सुऱ्या. शिकलगार हा शब्द अरबी 'सैकल'वरून आलेला. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं, आणि 'गर' म्हणजे ते करणारा. मूळ काम तलवारी, भाले, कट्यारी उजळवण्याचं. फौजा होत्या तिथे शिकलगार होतेच. मी ज्या चाकणला नोकरीला जातो, तिथला संग्रामदुर्ग 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. कारखान्याची बस त्या भागातून जाते तेव्हा कधी कधी मनात येतं, की वेढ्याच्या आतही आणि बाहेरही कुणीतरी आमच्यासारखंच बसून पाती घासत असेल. शिखांमध्येही शिकलीगर आहेत, आपल्या पुण्यातही आहेत. धर्म वेगळा, काम एकच. तलवारी गेल्या, मग विळे-कोयते राहिले. मग तेही बाजारात तयार मिळायला लागले, आणि अब्बा 1979 साली भोसरीला आले.

भोसरीत अब्बा डाय फिटर झाले. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्यातून एखादा आकार कापायचा तर वर पंच आणि खाली डाय असते. 1 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला दोघांमध्ये प्रत्येक बाजूने साधारण 5 शतांश मिलिमीटरची फट ठेवावी लागते, म्हणजे आपल्या केसाएवढी. फट जास्त झाली की तुकड्याला बर येते, कमी झाली की डाय लवकर मरते. ही फट त्या काळी अब्बांसारखी माणसं कानशीने काढायची. पंच डायमध्ये घालून, खालून दिवा धरून, जिथे उजेड कमी दिसतो तिथे दोन हात मारायचे, पुन्हा बघायचं. दर खंडेनवमीला शेठ कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायचे. अब्बांच्या कानशींनाही हळदकुंकू लागायचं. अब्बांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते बाजूला उभे राहायचे, पेढा घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी कानशी ब्रशने साफ करून कामाला लागायचे.

मग वायरकट मशीन आलं. तारेतून ठिणगी सोडून ते कडक पोलादातला हवा तो आकार कापतं, तोही काही मायक्रॉनच्या अचूकतेने. अब्बांचा आठ दिवसांचा हातखंडा एका रात्रीत व्हायला लागला. त्यांना कुणी काढलं नाही. स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते नटबोल्ट मोजून देत राहिले. तेव्हा मी डिप्लोमाला होतो. त्यांनी मला कानस कधी हातात दिली नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी अब्बांनी माळ्यावरून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात-आठ कानशी. घरात आम्ही तिला रेती म्हणतो, कारखान्यात कानस. काही चपट्या, काही अर्धगोल, एक तिकोनी. एका मुठीवर हळदीचा पिवळा डाग अजून होता.

पहिला धडा कानशीला मूठ नसेल तर हात लावायचा नाही. तिचं मागचं शेपूट टोकदार असतं. कानस अडकली की ते तळहातात घुसतं. अब्बांच्या उजव्या तळव्यावर तसा व्रण आहे. मला तो लहानपणापासून माहीत होता, पण कशाचा ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसरा धडा, आधी कानस फिरवून बघायची की पोलाद चरतं का. कानस सुरीपेक्षा कडक असेल तरच चरते. पाट्याच्या सुरीवर ती कुरकुरत चरली. बायकोने ऑनलाइन मागवलेल्या परदेशी स्टेनलेस सुरीवर मात्र काचेवरून घसरावी तशी घसरली. "ती कानशीची सुरी नाही, तिला दगड लागतो," अब्बा म्हणाले.

मग खरं काम. गॅलरीतल्या जुन्या टेबलावर लाकडी ठोकळा, त्यावर सुरी आडवी क्लॅम्पने बांधलेली, धार बाहेरच्या बाजूला. कानशीला आधी खडू घासायचा, म्हणजे दात्यांत पोलादाचा कीस अडकत नाही. अडकलेला एक कण पात्यावर खोल ओरखडा काढतो. कानस पाठीकडून धारेकडे ढकलायची, धारेकडून पाठीकडे नाही. नाहीतर हात सुटला तर बोटं थेट धारेवर जातात. आणि ती फक्त पुढे जातानाच कापते. मागे आणताना उचलायची. मी घासतच मागे आणत होतो. अब्बा प्रत्येक वेळी जिभेने टक् असा आवाज करायचे, बैल हाकावा तसा.

कोन किती, हे मी विचारलं. मला आकडा हवा होता. अब्बांनी कागदाचा चौकोनी कोपरा घेतला, एकदा दुमडला, पुन्हा दुमडला. नव्वदचे पंचेचाळीस, पंचेचाळीसचे साडेबावीस. तो कागद सुरीखाली धरून म्हणाले, हा घे कोन. मी दिवसभर ज्या मशीनवर काम करतो ते 5 मायक्रॉनची चूक पकडतं. त्या मशीनची किंमत आमच्या फ्लॅटपेक्षा जास्त आहे.

मी जोर लावत होतो. खांदे दुखत होते, कानस कधी वर, कधी खाली. धार गोल होत होती. अब्बांनी मार्करने पात्याचा उतार काळा केला आणि म्हणाले, आता मार. दोन हात मारल्यावर दिसलं, काळं फक्त वरच्या कडेला गेलं होतं. म्हणजे मी समजत होतो तिथे कानस लागतच नव्हती.

"रेती को जोर नक्को," अब्बा म्हणाले, "वजन दे."

या वाक्याचा अर्थ कळायला मला तीन महिने लागले. जोर दंडातून येतो आणि तो दर वेळी वेगळा असतो. वजन शरीराचं असतं, ते बदलत नाही. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, कंबरेतून पुढे झुकायचं, हात फक्त कानस सपाट ठेवतात. तसं जमलं की आवाज बदलतो. कुरकुर जाते आणि रेशमी कापड फाटल्यासारखा एकसारखा आवाज येतो. थरथरत्या हातांचे अब्बा आत पलंगावर पडून आवाजावरून सांगायचे, "टोकाकडं सोडतोयस."

निळं झालेलं सगळं पोलाद घासून काढायला चार रविवार गेले. त्याखाली आजोबांचं जुनं, पाणी असलेलं पोलाद लागलं, तेव्हा कानशीलाच ते कळलं, चरणं जड झालं. मग एका बाजूने घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बारीक बर उठेपर्यंत. ती डोळ्याला दिसत नाही. अंगठा धारेवर आडवा, अलगद ओढला की नखाला अडकते. जिथे अडकत नाही, तिथे काम झालेलं नाही. मग सुरी उलटी करून दुसरी बाजू. नंतर बारीक दात्यांची कानस, हलक्या हाताने. मग तेलाची सहाण, एक हात इकडे, एक हात तिकडे. शेवटी चामड्याचा जुना पट्टा.

धार तपासायची अब्बांची पद्धत अशी. सुरी दिव्याखाली धार वर करून धरायची आणि सरळ धारेकडे बघायचं. बोथट धार चमकते, तिच्यावर उजेडाची बारीक रेघ दिसते. चांगली धार दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच उरलेली नसते.

त्या दिवसांत मी रात्री मोबाइलवर कानशीने धार लावण्याचे व्हिडिओ बघायचो. त्यातले कितीतरी व्हिडिओ अमेरिकेतल्या धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचे निघाले. बाणाच्या रुंद पात्याला ही माणसं तासन्‌तास हाताने कानस मारतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच संपला, आणि मला त्याची हौसही नाही. पण त्यांचं कारण ऐकून मी थांबलो. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण फक्त कापतो. पातं बोथट असेल तर रक्तवाहिनी बाजूला सरकते, कापली जात नाही, आणि जनावर जखम घेऊन दूर पळत तडफडत मरतं. पात्याची धार ही शिकाऱ्याने जनावराला देणं लागतो अशी गोष्ट आहे, अशा आशयाचं एक म्हातारा सांगत होता. त्याने आपली हदीस कधी ऐकली नसेल. मी तो व्हिडिओ अब्बांना दाखवला. भाषा त्यांना समजली नाही. ते कानशीकडे बघत होते. "मागे आणताना उचलतो, चांगला आहे," म्हणाले.

एका रविवारी मी विचारलं, मला लहानपणी का नाही शिकवलंत? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शिकवलं असतं तर तू फिटर झाला असतास. आणि मशीन आल्यावर तुलाही स्टोअरमध्ये बसवलं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण सुरीपुरतं शिकवायला पाहिजे होतं. ते चुकलं."

माझ्या वडिलांनी माझ्यासमोर चूक कबूल केलेली मला दुसरी आठवत नाही.

17 जून 2024 ला ईद होती. सुरी आदल्या रात्रीच तयार करून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती. ईदगाहवरून आलो. बोकडाला पाणी पाजलं. सुरी पाठीमागे धरून नेली. बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर म्हटलं आणि हात एकदा ओढला. एकदाच. भाच्याने या वेळी मान फिरवली नाही, फिरवायला वेळच मिळाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे मी ठरवू शकलो नाही. गेल्या वर्षीच्या बोकडाचं असावं.

संध्याकाळी अब्बांनी धुतलेली सुरी मागितली. दिव्याखाली धरली, अंगठा फिरवला. मी शाबासकीची वाट बघत होतो. "टोकाला अजून सोडतोस," म्हणाले, आणि सुरी माझ्याकडे दिली.

आता ईदच्या आधी पिशवी घेऊन बाहेर जावं लागत नाही. त्यामुळे नाकाबंदीचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. मी फक्त तो रस्ता टाळला. मला दुसऱ्याकडे कशाला नेल्या हे विचारणाऱ्या साहेबांना मात्र आता उत्तर देता येईल.

गेल्या दिवाळीआधी खालच्या मजल्यावरच्या काकू विळी घेऊन आल्या. "भाऊ, तुमच्याकडं धार लावतात म्हणे. खोबरं कापत नाही हो हिच्यानं." मी विळी ठोकळ्यावर बांधली, कानशीला खडू लावला. आठवीतली माझी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी मारू का दोन हात? मी अब्बांकडे बघितलं. त्यांनी मला काही सांगितलं नाही. तिला म्हणाले, "आधी मूठ घट्ट आहे का बघ."